चेहरा पुन्हा दाखवा

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या, तेव्हा धाकटीने टॅब पिशवीत घातला आणि ती दुरुस्तीवाल्याकडे निघाली. काम तसं साधंच होतं. टॅब फार रेंगाळायचा, चार्जिंग टिकत नव्हतं, आणि हल्ली कोणी हात न लावताही पडद्यावरची चित्रं आपोआप सरकायची. असल्या तक्रारी घरोघरी असतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि धाकटी घाबरलीही नव्हती. तिच्या मनात वेगळंच होतं.

तिला घरात धाकटी म्हणत. मोठी म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. ती आजारपणात गेली, आणि मग काही काळाने ही आली. उंबरा ओलांडताना सासूबाई म्हणाल्या, "ये गं धाकटे," आणि तेच नाव पडलं. आता घरात जिवंत बायको एकच, तरी ती धाकटीच! सासूबाईंचं वय झालेलं. कधी विसरून त्या हाक मारायच्या, "मोठे, पाणी दे गं." धाकटी हातातलं काम थांबवून गप्प उभी राहायची. आठवण होऊन त्या "धाकटे" म्हणाल्या की मगच ओ द्यायची. दिवसभर राबायला तिची ना नव्हती, पण त्या हाकेला ओ द्यायची नाही, एवढा एक हट्ट तिने धरला होता.

टॅब मोठीचा होता. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला त्याची जागा होती आणि त्याच्यासमोर, खिडकीत, एक लाकडी स्टूल. मोठी त्या स्टुलावर बसून भाजी निवडायची आणि टॅबमध्ये काहीबाही बघायची. नवऱ्याने ना टॅब हलवला, ना स्टूल. संध्याकाळी कामावरून आला की चहाचा कप घेऊन तो टॅबसमोर उभा राही. त्यात मोठीचा एक व्हिडिओ होता, त्यानेच कधीतरी काढलेला. मोठी स्टुलावर बसून कोथिंबीर निवडतेय, केसांची बट कानामागे सारतेय. आतून सासूबाईंची हाक येते. ती डोळे मोठे करून हसते आणि म्हणते, "आले हं आई, हात धुऊन आले." एवढंच. तेवढं बघून तो कप विसळायला ठेवायचा.

चहा धाकटीने केलेला असायचा. त्यात आलं किसून घातलेलं असायचं. तो प्यायचा मोठीकडे बघत.

धाकटीने एकदा, घरात कोणी बघत नाहीसं पाहून, टॅबसमोर आपलं तोंड धरलं होतं. मोठीचा चेहरा दिसला की कुलूप उघडायचं, तशी सोय होती त्यात. नवरा आकडे दाबून उघडायचा, ते आकडे धाकटीलाही ठाऊक होते. टॅबने जरा विचार केल्यासारखं केलं आणि अक्षरं आली, "चेहरा पुन्हा दाखवा." तिने पुन्हा दाखवला. पुन्हा तेच. त्या रात्री ती बराच वेळ जागी होती. माणसांचं एकवेळ समजू शकतं हो, पण यंत्रानेही सवतीचंच तोंड धरून ठेवावं?

म्हणून ती निघाली होती.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे एक बोळकंडी. भिंतीला पोट उघडं पडलेले कॉम्प्युटर, वायरींचे गुंते, आणि जळक्या धुळीचा वास. दुरुस्तीवाला शांत माणूस, चष्मा कपाळावर, घाई कशाचीच नाही.

"बंद करून चालू केला होता का वहिनी?"

"केला की."

"परत करू. लोक सांगतात केला म्हणून, अन् नुसता पडदा विझवलेला असतो."

त्याने नीट बंद केला, चालू केला. कव्हर काढलं. चार्जर उलटसुलट करून पाहिला आणि नाक मुरडलं. "हा कुठला उचललात? असल्या चार्जरला लावला की पडदा बिथरतो. मग वाटतं, कोणी बोट फिरवतंय. भुताटकी नाही हं, स्वस्ताई!" स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि मऊ फडक्याने काच पुसायला लागला. पुसता पुसता थांबला. फडक्यावर हिरवट डाग आला होता.

"ओल्या हाताने वापरता ना? भाजी निवडताना?"

"मी नाही. ती वापरायची. आधीची."

त्याने फडकं नाकाशी नेलं. "ताजं वाटतंय," असं पुटपुटला आणि त्याने फडकं बाजूला टाकलं. धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"दादा, आतलं सगळं पुसून टाका," ती म्हणाली. "नव्यासारखा करून द्या."

"गरज नाही तशी. चार्जर बदलला, जरा जागा मोकळी केली तरी भागेल."

"नको. सगळंच पुसा."

"फोटोबिटो उतरवून घेतलेत ना दुसरीकडे?"

"घेतलेत," धाकटी म्हणाली. घेतले नव्हते. एकच व्हिडिओ, एकाच ठिकाणी.

त्याने टॅब तिच्यापुढे सरकवला. "मग हे शेवटचं बटण तुम्ही दाबा."

"मी? का हो?"

"माझा नेम आहे. पुसायचं बटण मी कधी दाबत नाही, ज्याचं त्याने दाबायचं. एकदा गेलं की गेलं. मागून लोक रडत येतात अन् माझ्या तोंडाकडे बघतात."

धाकटीने दाबलं. जरा जोरातच दाबलं. पडदा काळा झाला, मग पांढरा, कोऱ्या भिंतीसारखा. दुरुस्तीवाल्याने नव्याने सगळं लावून दिलं आणि तिला तोंड गोल फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं. टिक्, असा बारीक आवाज झाला आणि कुलूप उघडलं.

"घ्या. आता तुमचा झाला."

तुमचा. तो शब्द ती घरापर्यंत मनात घोळवत आली.

संध्याकाळी नवरा आला. कप घेऊन टॅबसमोर उभा राहिला. बोट इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"बिघडलाच होता पार," धाकटी पाठमोरी राहूनच म्हणाली. "दुरुस्तीवाला म्हणाला, पुसल्याशिवाय चालणारच नाही."

तो ओरडेल, निदान काही विचारेल, असं तिला वाटलं होतं. तो नुसतं "बरं" म्हणाला. कप हातात तसाच. चहावर साय धरली. आणि मग तो वळला आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला.

म्हणजे झालं काय, तर मोठीला टॅबमधून काढलं आणि ती स्टुलावर येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तो स्टुलाकडेच बघत चहा प्यायला. तिसऱ्याही. 

त्याच सुमारास दुपारचे ते आवाज सुरू झाले. सासूबाई झोपलेल्या, पंखा घरघरतोय, बाहेर चिटपाखरू नाही. धाकटी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. आणि स्वयंपाकघरातून... टिक्. कुलूप उघडल्याचा आवाज. ती जाऊन बघे, तर टॅबचा पडदा उजळलेला, उघडा. समोर स्टूल. स्टुलावर कोणी नाही. नवा चार्जर होता, काच लख्ख होती. तरी टिक्. नवऱ्याने मागून आपला चेहरा आत घातला असेल म्हणून तिने पाहिलं, तर आत एकच चेहरा नोंदलेला होता. तिचाच. पण ती तर बाहेरच्या खोलीत होती.

भीती वाटायला हवी होती. पण मत्सराची गंमत अशी की तो भीतीला जागाच ठेवत नाही. धाकटीने दात आवळले आणि स्टूल ओढून ती स्वतः त्यावर बसली. "बघू," ती रिकाम्या खिडकीला म्हणाली, "कोण बसतं आता इथे."

त्या दिवसापासून निवडणं, टिपणं, सोलणं, सगळं तिने स्टुलावर आणलं. संध्याकाळी नवरा कप घेऊन उभा राहिला की ती तिथे बसलेली असे. पहिल्या दिवशी त्याने चमकून पाहिलं. नंतर बघत राहिला. लग्न झाल्यापासून त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. मग तिने केसांची एक बट सैल सोडली. मग ती कानामागे सारायला लागली. त्याच्या ओठांवर हसू यायचं आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

फक्त एक झालं. टॅब तिला ओळखेनासा झाला. स्टुलावर बसून तिने वर पाहिलं की अक्षरं यायची, "चेहरा पुन्हा दाखवा." ती उठून गेली की मागे टिक्.

ती पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने चेहरा नव्याने घेतला, काच पुसली, पुन्हा पुन्हा बघितलं. दुकानात दरवेळी उघडला.

"इथे बरोबर ओळखतोय. घरी बसता कुठे?"

"स्टुलावर. खिडकीत."

"तरीच! पाठीमागून उजेड येत असणार. उजेड मागे असला की यंत्राला माणूस नुसता काळा दिसतो. जागा बदला."

"जागा नाही बदलणार मी." ती इतक्या झटक्यात बोलली की त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"नका बदलू बाई, माझं काय जातंय." मग तिला निरखून तो हळूच म्हणाला, "कधी कधी असंही होतं, वहिनी. माणसाचा चेहराच हळूहळू बदलतो. रोज थोडाथोडा बदलला तर घरच्यांना कळत नाही. यंत्राला कळतं... तुम्ही केस वेगळे बांधता का हल्ली?"

धाकटीचा हात कानाकडे गेला होता. तिने तो खाली घेतला आणि टॅब उचलून ती निघाली.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला. वारा पडलेला. घर कसं कोंडल्यासारखं. नवरा आला, कप घेतला. धाकटी स्टुलावर होती, मांडीवर रिकामी परात. त्या दिवशी निवडायला काही नव्हतं, तरी ती बसली होती.

"उघडत नाही का अजून?" नवऱ्याने विचारलं.

"मला ओळखतच नाही मेला."

"बघू." त्याने टॅब हातात घेतला आणि तिच्यासमोर धरला. चेहरा पुन्हा दाखवा. "थांब... जरा अशी हो." त्याने बोटाने तिची हनुवटी उचलली. त्याचा हात तिच्या चेहऱ्याला लागला तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच तर हवं होतं तिला. दुसरं काय मागितलं होतं? "अजून थोडी... हं. अशीच."

चेहरा पुन्हा दाखवा.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली.

"मोठे... अगं ए मोठे..."

धाकटी नेहमीसारखी गप्प राहिली. ओठ घट्ट मिटले. आता त्या आठवतील, आता "धाकटे" म्हणतील. पण आतून पुन्हा तीच हाक आली, जराशी लांबून आल्यासारखी.

"मोठे..."

"आले हं आई, हात धुऊन आले."

नवरा हसला. अगदी मनापासून हसला. धाकटी कान देऊन राहिली. कोण बोललं ते तिला आधी कळेना. मग तिला जाणवलं की आपलेच डोळे मोठे झालेत आणि आपलीच जीभ टाळूवरून खाली येतेय.

टिक्.

टॅब उघडला.

"झालं की!" नवरा म्हणाला. त्याने टॅब जागेवर ठेवला आणि तिच्याकडे बघत चहाचा घोट घेतला. टॅबकडे नाही, स्टुलाकडे नाही, तिच्याकडे.

तिला उठायचं होतं. टॅब भिंतीवर आपटायचा होता. त्याला ओरडून सांगायचं होतं, अहो, मी आहे, मी... पण हात वर आला तो शांतपणे, बट कानामागे सारायला.

"अगं, आणि ती धाकटी कुठे गेली गं?" सासूबाईंनी आतून विचारलं. "दुपारपासून दिसली नाही..."

नवऱ्याने कप खाली ठेवला. 

"गेली असेल कुठेतरी, आई," स्टुलावरून उत्तर गेलं. "येईल."

मग ती उठली आणि नळाखाली हात धुवायला लागली. पाणी हिरवट वाहत होतं, आणि सगळ्या स्वयंपाकघरात ओल्या कोथिंबिरीचा वास भरून राहिला होता. त्या दिवशी घरात भाजीची काडीही आलेली नव्हती.