हळदीचा ओला पाट

"अहो, अहो... तिथं बसू नका!"

मी ओरडले, पण उशीरच झाला. पाहुणा पाटावर टेकला होता. उठायला गेला तर पँट चिकटलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

धर्मराज नाव त्याचं. जालन्यात रंगाच्या दुकानात कामाला. वाटूरला त्याच्या बहिणीचं लग्न, म्हणून हळदीचा पाट बघायला तो आमच्या कुंभार पिंपळगावात आला होता. आबांचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळं पाटाला जवसाचं तेल द्यायचं काम त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर टाकलं होतं. पोरीच्या हाती सुतारकाम दिलं म्हणून भावकीनं आधीच नाकं मुरडलेली. हा पाट बिघडला की माझ्या हातात पुन्हा रंधा यायचा नव्हता. अन् मी शहाणीनं चमक यावी म्हणून केसांना चोपडतात तसं तेल चोपडलं! चार दिवस झाले तरी चिकट ते चिकटच. परवा हळद.

"आबांना सांगू नका ना..."

"सांगतो की. तुमची पोरगी पाहुण्याला धरून ठेवती म्हणून."

"मस्करी नको हो. मला रडू येऊन राह्यलं."

त्याचं हसू मावळलं. "तेल लई झालंय. टर्पेंटाइननं पुसून काढा. मी परतूरहून ड्रायर, तेल लवकर सुकवायचं औषध, आणतो. तेलात चार थेंब टाकायचे, पातळ हात मारायचा अन् उन्हात ठेवायचं. बराबर सुकतं."

दुपारी तो खरंच परत आला. पुसून घेतलेल्या पाटाला पातळ हात मारून अंगणात ठेवला, तोच गल्लीच्या तोंडाशी वावटळ उठली. ओल्या तेलावर धूळ बसली असती तर संपलंच! मी दोरीवरचं लुगडं ओढलं. दोन टोकं त्यानं धरली, दोन मी. पाटावर वाकून आम्ही उभे — समोरासमोर, हातभर अंतरावर.

"डोळे मिटा, धूळ जाईल," तो म्हणाला.

"तुमचे का उघडे?"

"पाट बघून राह्यलो."

पाटाकडे तर तो बिलकुल बघत नव्हता!

हळदीच्या दिवशी आबांबरोबर वाटूरला गेले. नवरी पाटावर बसली अन् माझी नजर पाटावरून हलेना. चिकटलं तर... चारचौघांत आबांची मान खाली जाईल. हळद लावून झाली. नवरी उठली... लुगडं पाटावरून अलगद उचललं गेलं!

आबांनी पाटावरून बोटं फिरवली. "बेस झालं, प्रभे. आता पुढचा चौरंगही तूच कर."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात धर्मराज जवळ सरकला. "अजून एक पाट पाहिजे होता."

"कोणाच्या हळदीला?"

"माझ्या."

काळजात चर्र झालं. "नवरी... ठरली?"

"मी ठरवली. तिला विचारायचं भ्या वाटून राह्यलंय." तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय म्हणती ती?"

मी घाबरत घाबरत आबांची बाही धरली.

"आबा, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय."

धर्मराजचा चेहरा पांढराफटक पडला.