बाही पंचवीस इंच

तुम्ही माणसं चोरता, साहेब. नुसती मतं चोरली असतीत तर मी गप्प बसलो असतो. ती चोरी सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं, कापड गुंडाळून यायचं त्या रद्दीवर वाचून शिकलो. त्यामुळे गोड लिहायला कुणी शिकवलं नाही.

बावीस वर्षं प्रत्येक नव्या राज्यप्रमुखाचा शपथेचा कोट मी शिवला. नाव जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी तुमची चिठ्ठी यायची. खांदा अठरा, छाती चाळीस, बाही पंचवीस. पाच जण झाले. एक ताडमाड, एक ढेरपोट्या, एक इतका ठेंगू की माइक वाकवावा लागायचा. पाचही वेळा तीच मापं, आणि पाचही वेळा अंगावर एक सुरकुती नाही. मला वाटायचं, आपला हात चांगला आहे. तेवढ्या फुशारकीवर तुम्ही मला बावीस वर्षं राबवलंत.

गेल्या वर्षी संग्रहालयानं बोलावलं. आठशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचं वस्त्र, अस्तर उसवलेलं. शेजारी पाटी होती: एकाच प्रधानानं चार राजे गादीवर बसवले; स्वतः तो कधी बसला नाही. भरदुपारी त्या लांबलचक दालनात मी एकटा. सवयीनं टेप लावली. खांदा अठरा. छाती चाळीस. बाह्या पंचवीस. डावीला मनगटापाशी मात्र इंचभर जोड होता. दोरा वेगळा, टाके वेडेवाकडे. राजाच्या शिंप्यानं बाही आधी तोकडी कापलीच कशी, ते कळेना. मी अस्तर शिवलं आणि घरी आलो.

यंदा तुम्ही माझ्या धाकट्या भावाला निवडलंत. तीस वर्षं सभांच्या सतरंज्या उचलणाऱ्याला. लहानपणी मी त्याला सायकलवरून पाडलं होतं. डावा हात मोडला, वाकडा जुळला, इंचभर आखूड राहिला. आम्हा दोघांना तिसरं कुणी नाही. दर रविवारी तो दुकानातल्या बाकावर येऊन बसायचा.

"दादा, एवढा मोठा माणूस झालोय, आता तरी बाही बरोबर शिव."

"हात आधी बरोबर आण, मग बघू."

"तूच मोडलास, तूच बघ."

चिठ्ठी आली. तीच मापं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं माप मोडलं. डावी बाही चोवीस कापली.

शपथेच्या दिवशी सकाळी तुमच्या बंगल्यावर त्याला कोट चढवला. उजवी बाही नेमकी बसली.

डावी वर राहिली.

मी त्याचा हात धरला. कोपराच्या खाली हाडाला गाठ होती. चाळीस वर्षं माझ्या बोटांना ती ठाऊक होती.

गाठ नव्हती.

"धाकट्या," मी हळूच म्हणालो, "हाताला काय झालं रे?"

त्यानं आरशातूनच पाहिलं. "मास्तर, ही बाही तोकडी झालीय. जरा बघून घ्या."

तुम्ही खिडकीपाशी पेपर वाचत होता. मान वर न करता म्हणालात, "जोड लावा. आधीच्या शिंप्यानंही लावला होता."

साहेब, बावीस वर्षं तुमच्याकडे शिंपी मीच आहे.

मी जोड लावला. टाके वेडेवाकडे पडले. दोरा तोडताना ते ओळखीचे वाटले. त्या जुन्या शिंप्याचंही कुणीतरी होतं, एवढं मला तेव्हा कळलं.

रविवारी मी अजून बाक पुसून ठेवतो. त्याचा जुना सदरा खुंटीवर आहे. समोरच्या दुकानातल्या टीव्हीवर तो गर्दीला दोन्ही हात उंचावून दाखवतो. दोन्ही सारखे.

उत्तर द्या, साहेब. तो इंच कुणाचा? आणि ज्याचा हात आखूड होता, त्याला कुठे ठेवलंत?