सकाळचा फेल पीस

"अरे, पीछे! पट्टे के पीछे!" प्रणिता ओरडली आणि तो उंच तरुण टुणकन जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे सरकला.

लखनऊच्या इन्व्हर्टर कारखान्यात ती शेवटची टेस्टिंग करायची. पीसमध्ये दीड हजार व्होल्ट सोडून करंट कुठे गळतोय का ते बघायचं. तेवढा वेळ आपले दोन्ही हात दोन बटणांवर दाबलेले, म्हणजे चुकून भलतीकडे लागायला नकोत.

"आई गं, काय कडक आहे ही!" तो पुटपुटला. चक्क मराठीत!

"कडक नाही, शहाणी. दिवा हिरवा होईपर्यंत जवळ यायचं नाही."

"आणि... झाल्यावर?"

घ्या! ओळख ना पाळख, आणि हा प्रश्न!

सिद्धेश नाशिकहून नवं टेस्टिंग मशीन बसवायला आला होता, पंधरवड्यासाठी. लखनऊच्याच इंदिरा नगरात वाढलेली प्रणिता मराठी बोलायची ती फक्त आईबाबांशी. आता कँटीनच्या चहावर, कोहऱ्यात, म्हणजे तिकडच्या दाट धुक्यात, बसची वाट बघताना, मराठी संपता संपेना. तो गप्प झाला की तिला चुकल्यासारखं व्हायचं. पण मनातलं बोललं कोणीच नाही. आणि त्याच्या जाण्याचा दिवस उजाडलासुद्धा.

रोज काम सुरू होण्याआधी मुद्दाम बिघडवलेला एक पीस मशीनला लावायचा. लाल दिवा लागून भोंगा वाजला, तर मशीन ठीक. मगच चांगले पीस लावायचे. त्या दिवशी प्रणिता नेमकं तेच विसरली! 'कोहरा वाढू दे, त्याची गाडी लेट होऊ दे,' असं देवाला साकडं घालत सकाळभर पीस पास करत राहिली. जेवताना एकदम आठवलं आणि हातातला घास तिने परत डब्यात ठेवला.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण माल लोकांच्या घरात जाणार होता... ती उठली आणि सुपरवायझर जयसिंगजींना सांगून मोकळी झाली.

"हद है, बिटिया! अब सब दोबारा!"

मग काय, फेल पीस लावला, भोंगा वाजला आणि सकाळचा सगळा माल पुन्हा टेबलावर आला. सिद्धेश मदतीला पट्ट्यापलीकडे उभा राहिला.

"तू? आणि विसरलीस? कशी गं?"

हात बटणांवर. तोंड लपवायचीही सोय नाही.

"तू जाणार ना आज... म्हणून."

दिवा हिरवा झाला. तिचे हात मात्र तिथेच.

"आमच्या कंपनीची इथली, लखनऊच्या सर्व्हिसची जागा रिकामी आहे," तो हळूच म्हणाला. "थंडीला घाबरून नको म्हणालो होतो. आता... मागून घेऊ?"

"आता विचारतोयस? वेडा कुठला!" तिचे डोळे भरून आले. "घे ना मागून!"

"मग आजची गाडी सोडतो."

"मुळीच नाही! आधी नाशिकला जा, तुझ्या आईला सांग. मी आज बाबांना सांगते."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत... रोज फोन कर."

तो गेला. तिने पुढचा पीस लावला, आणि मनातल्या मनात देवाची माफी मागून म्हणाली, 'सकाळचं मागणं सोड. आता गाडी अगदी वेळेवर सुटू दे रे बाबा.'