मैनाबाईच्या तीन फेऱ्या

उजवा हात मनगटात मोडला तेव्हा अर्चनाला पहिली चिंता पडली ती पूजेची. डाव्या हातानं बेल वाहायचा कसा? मग तिनंच स्वतःची समजूत घातली, की महादेव भोळा आहे, हात कोणता ते बघत नाही. मोरीत पाय घसरला, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं, समोरच्या दारातल्या स्वातीला सांगितलं. सांगता सांगता तिला स्वतःलाच मोरीतली ती ओली फरशी दिसायला लागली होती.

सोळा सोमवारांचं व्रत चाललं होतं. चौदा झाले होते. सतराव्याला उद्यापन, सोळा जोडपी जेवायला. संकल्प सोडताना तिनं मागणं ओठांतल्या ओठांत ठेवलं होतं: यांचा हात थांबू दे, बाकी काही नको.

‘हे’ म्हणजे सुजित. दोघंही सांगलीकडचे. तो तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होता. बाहेर माणूस लोण्यासारखा. घरात मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी पुरे होई.

अकरा वर्षांत अर्चनानं एक गोष्ट कधी चुकवली नव्हती. सुजित कामाला निघाला, की त्याच्या मागोमाग केरसुणी हातात घ्यायची नाही. कंपनीची बस नाक्यावरून वळलेली खिडकीतून बघायची, मगच केर काढायचा. माणूस बाहेर पडल्या पडल्या झाडतात ते प्रेत उचलल्यावर. सासऱ्यांना नेलं तेव्हा सासूबाईंना तसं झाडताना तिनं पाहिलं होतं. सुजितनंही पाहिलं होतं.

घर साफ करून देणाऱ्या कंपनीला फोन त्यानंच केला. "तीन सोमवार बाई येईल. तोवर तुझा हात बरा होईल. उद्यापनाला माझे साहेब जोडीनं येणारेत. घर आरशासारखं पाहिजे, कळलं?"

पंधराव्या सोमवारी सकाळी मैनाबाई आली. किनाऱ्यावरच्या दातिवऱ्याची, पन्नाशीची, अंगानं काटक. निळा ॲप्रन, गळ्यात ओळखपत्र. तिचं उजवं मनगट कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं.

"तुमचा बी उजवाच काय, बाई?" तिनं प्लास्टरकडे बघत विचारलं.

"मोरीत पडले."

"आमची पन मोरीच होती," म्हणत मैनाबाई बादली भरायला गेली.

अर्चनानं कामं सांगितली. तीन पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, ओट्यामागचा तेलकट थर. मैनाबाईनं मान खाली घालून घरभर एक चक्कर मारली, बाजारात मासळी बघत हिंडावं तशी. मग स्वयंपाकघराच्या दाराशी एका फरशीपुढे फतकल मारून बसली आणि घासू लागली.

दीड तास झाला तरी ती तिथेच. ब्रशचा आवाज थांबेना. अर्चनाचा जप दोनदा चुकला.

"मैनाबाई, अहो पंखे राहिले."

"पंक्याला निस्ती धूळ हाय, बाई."

"मग धूळच काढायचीय ना!"

"धूळ कवापन निगल. ह्यो डाग आता नाय काडला तर नाय निगायचा."

अर्चना वाकली. पांढरी स्वच्छ फरशी. बादलीतलं पाणीसुद्धा नितळ. "मला तर काहीच दिसत नाही."

मैनाबाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "दिसल," ती म्हणाली.

अर्चनाचा स्वभाव भांडायचा नव्हता. तरी मैनाबाई गेल्यावर तिनं सफाई कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, बाईंनी काम पूर्ण असं कळवलंय."

"एक फरशी घासली हो त्यांनी! दुसरं कुणी पाठवा ना."

"तुमच्या पत्त्यावर मीच जाणार, असं त्या म्हणाल्यात मॅडम. एरवी त्या घर मागून घेत नाहीत."

बुधवारी सुजितनं स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. काळं झालेलं बोट तिच्या नाकासमोर धरलं. "हे तुझं लक्ष? दिवसभर माळ ओढत बसतेस ना?" हातातला पाण्याचा तांब्या त्यानं फेकला तो तिच्या भुवईवर बसला. ती स्वयंपाकघराच्या दाराशी मटकन खाली बसली. रक्त हनुवटीवरून टपटप खाली पडलं.

पुसायला फडकं घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. सगळं रक्त त्या एकाच फरशीवर होतं. शेजारच्या फरशीवर थेंबही नाही. आणि एका पुसण्यात ते निघालं. सांध्यात, सिमेंटमध्येसुद्धा राहिलं नाही.

सोळाव्या सोमवारी भुवईला तीन टाके होते. मैनाबाईनं ते पाहिले. चक्कर मारली आणि झोपायच्या खोलीत कपाटाशेजारची भिंत घासायला लागली. उभ्यानं. डोक्याच्या उंचीवर.

अर्चना धावत पुढे आली. "तिथं नका घासू. हात जोडते."

"मी घासते म्हून डाग नाय पडत, बाई. पडनार हाय म्हून घासते."

"मग थांबवा ना तो!"

"आमचं काम घासायचं."

"तुमच्या घरी... तुमचे मालक?"

"दर्यात गेला म्हंतात," मैनाबाई म्हणाली आणि ब्रश पाण्यात बुडवला.

त्या दुपारी अर्चना स्वतः स्टुलावर चढली. उपाशीपोटी, एका हातानं तिनं तिन्ही पंखे पुसले, जाळ्या धुतल्या, ओट्यामागचा थर सुरीनं खरवडला. कुठे बोट ठेवायला जागा उरू नये. संध्याकाळी दिवा लावून ती देवासमोर शांत बसली.

सुजित आला, वर बघितलं. "पंखे कुणी पुसले?"

"मी."

"प्लास्टर घालून? खिडकीतनं सगळ्या सोसायटीनं बघितलं असेल! नवरा हात मोडलेल्या बायकोला राबवतो, हेच दाखवायचं होतं ना?" त्यानं केसांना धरून तिला आत नेलं. भिंतीवर डोकं दोनदा आपटलं. पलीकडे स्वातीच्या घरातला टीव्ही मोठा झाला.

भिंतही एका पुसण्यात स्वच्छ झाली.

सतरावा सोमवार उजाडला. हवेत कंपन्यांचा आंबूस वास होता. अर्चनानं पहाटेच गव्हाचे मुटके तळून ठेवले होते. हॉलमध्ये देवाजवळ लोखंडी खलबत्ता मांडून ती डाव्या हातानं चुरमा कुटत बसली होती. सुजितची दुसरी पाळी होती. "मधेच सुटून साहेबांबरोबरच येतो संध्याकाळी," तो म्हणाला होता.

मैनाबाई आली ती दोन बादल्या मागतच. "आज मोटं हाय."

तिनं हॉलच्या मधोमध बसकण मारली. देवापासून दाराच्या अलीकडे वीतभर अंतरापर्यंत ती घासत गेली. बत्त्याचा आवाज बंद झाला. अर्चना नुसती बघत राहिली. माणूस आडवा झाला, हात पसरले, तर मावेल एवढी जागा.

"कुणाचा आहे?" तिनं विचारलं. आवाज इतका हळू, की तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"मला डाग दिसतो, बाई. मानूस नाय दिसत."

सुजित जेवायला बाहेर आला. "ए बये, हा काय चिखल केलायस? एवढंच घासलंस? पैसे घेता ना, फुकट येता?" त्यानं बादलीला लाथ मारली. पाणी सांडलं. नितळ.

मैनाबाईनं ते निमूट टिपलं. फडकं पिळलं, ॲप्रन काढून घडी घातली. दाराशी जाऊन मागे वळली. "आज केर काडला नाय मी. तुमचा तुमी काडा, बाई." केरसुणी तिनं चौकटीला टेकवून ठेवली.

दोन वाजता सुजितनं बूट चढवले. "संध्याकाळी तोंड हसरं ठेव. आणि ती भुवई झाक." दार उघडून तो जिना उतरायला लागला.

अर्चना खिडकीकडे गेली नाही.

तिनं केरसुणी उचलली. जिन्यावर त्याची पावलं अजून वाजत होती. जिथं बसून त्यानं बूट घातले तिथून तिनं झाडायला सुरुवात केली. मुखानं जप चालूच होता. उंबऱ्यापर्यंत झाडलं, उंबऱ्याबाहेर लोटलं.

पावलं थांबली. मग परत वर आली.

गेटपास विसरला होता तो. पायरीवर उभा राहून त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं.

"आप्पांना नेल्यावर आईनं झाडलं होतं असं." तो पुटपुटल्यासारखं म्हणाला. मग ओरडला. "मेलोय का मी? ए! मेलोय का?"

दार लाथेनं बंद झालं.

त्याची पकड गळ्यावर आली. ती मागं सरकत गेली, ओल्या फरशीवर पडली. मोडलेला हात अंगाखाली आला आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं.

तो वर होता. अंगठे घशात रुतत होते.

डाव्या हाताला चुरम्याचं तूप लागलं. मग लोखंड लागलं.

बत्ता एकदा बसला.

दुसऱ्यांदा बसला तेव्हा हाड फुटल्याचा आवाज आला, नारळासारखा.

तिसरा तिनं मोजला नाही.

त्याचा हात थांबला.

रक्त पसरत गेलं. देवाकडे गेलं, सोफ्याकडे गेलं. दाराच्या अलीकडे वीतभर अंतरावर, जिथं मैनाबाईचं घासणं संपलं होतं, तिथं येऊन थबकलं. आखून दिल्यासारखं.

अर्चनानं बादली भरून आणली. एका पुसण्यात फरशी निघाली. फडकं पिळलं. बादलीतलं पाणी नितळ होतं. सुजितच्या अंगावर तिनं धुवट चादर घातली आणि देवाचा दिवा सारखा केला.

मग दाराची घंटी वाजली.

ती दार किलकिलं करून बाहेर आली आणि मागे ओढून घेतलं. स्वाती. गेल्या दिवाळीत लग्न झालेली, हातभर हिरव्या बांगड्या, परडीत बेल.

"काकू, बेल आणलाय. प्रदीप संध्याकाळी वेळेवर येणार म्हणालाय, आमची जोडी पक्की!" ती हसली. मग म्हणाली, "मघाशी काही पडलं का हो? आवाज आला. मी टीव्ही लावला होता, म्हटलं..."

अर्चनाचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती स्वातीच्या पायांमागे बघत होती. समोरच्या दारातल्या पायपुसण्याच्या कडेला, पांढऱ्या फरशीवर तिला डाग दिसत होता.

"काय झालं, काकू?"

"थांब हं, बाळ." फडकं अजून हातातच होतं. अर्चना गुडघे टेकून बसली आणि घासू लागली.

स्वाती वाकली. बांगड्या किणकिणल्या.

"अहो, काय पुसताय? मला तर काहीच दिसत नाही."