राबाचा फोटो

"सूड म्हणजे सूड! त्या गंगाधरपंतांना चारचौघांत तोंडघशी पाडायचंच," इंदिरा दातओठ खात म्हणाली.

१९३६ सालची मे महिन्याची सुट्टी; इंदिराचं कुटुंब लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या बंगल्यात राहायला आलं होतं. तिथल्या विहिरीवर बसलेल्या सोपानने आणि त्याच्या बहिणीने, शालूने, माना डोलावल्या. परवा जळाली ती पेंढ्याची गंजी त्यांच्या आजोबांची, भिमाजीआबांची होती. भाताची रोपं तयार करायच्या वाफ्यात, जमीन भाजायला, आबांनी शेण आणि पालापाचोळा पसरून राब रचला होता. राब पहाटे, वारा पडलेला असताना भाजतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण कुणीतरी तो भर दुपारी पेटवला आणि ठिणग्या गंजीवर गेल्या.

"त्या वेड्या मुलीच्या हातात मी काडेपेटी पाहिली," शेजारच्या बंगल्यातल्या, सदा गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्या गंगाधरपंतांनी सांगून टाकलं.

वेडी म्हणजे इंदिराची आठ वर्षांची बहीण अरुंधती. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नसे, तासन्‌तास खडे ओळीने मांडत बसे, आणि बोललीच तर ऐकलेलं वाक्य त्याच सुरात म्हणे. बाबांनी पंतांवर विश्वास ठेवला. सोमवारी ते तिला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवणार होते. आईचे डोळे रडून सुजले होते आणि इंदिराला बाबांचाही भयंकर राग आला होता.

"धूर वर येऊ दे. छान! अजून एक," खडे मांडता मांडता अरुंधती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आरं, ह्यो तर पंतांचा आवाज!" सोपान म्हणाला.

इंदिरा ताडकन उठली. "म्हणजे फोटोसाठी त्यांनीच राब पेटवला!"

"पर आपलं कोन ऐकंल?" शालूने विचारलं.

"कुणाला सांगायचंच नाही. ते स्वतःच दाखवतील."

रविवारी संध्याकाळी पंत व्हरांड्यात बाबांबरोबर चहा घेत होते. आबा दूध घालायला आले होते. इंदिरा साखरेसारख्या आवाजात म्हणाली, "काका, तुमच्यासारखे फोटो पुण्यातसुद्धा कुणी काढत नाही म्हणे. दाखवा ना!"

पंत फुलून गेले. लोणावळ्याच्या बाजारातून कालच धुऊन आणलेल्या फोटोंचं पाकीट त्यांनी कौतुकाच्या भरात सगळंच्या सगळं रिकामं केलं. इंदिराने नेमका एक फोटो उचलून बाबांना दिला. त्यात राब नुकताच धुमसू लागला होता, मागे गंजी धड उभी होती, आणि हाकेच्या अंतरावर, विहिरीच्या काठावर अरुंधती खडे मांडत बसली होती.

"राब पेटला तेव्हा माझी मुलगी तिकडे होती?" बाबा खुर्चीतून उठले. "आणि कॅमेरा घेऊन राबापाशी तुम्ही! मग पेटवला कुणी, पंत?"

 पंत फोटो गोळा करत पुटपुटले, "चुकलो."

"नुसतं चुकलो नको. राबापाशी तुम्ही काय म्हणालात ते अरुंधतीने आम्हाला तुमच्याच आवाजात ऐकवलंय," इंदिरा म्हणाली. "आबांचे आणखी दोन राब रचायचेत. शेणाच्या पाट्या तुम्ही वाहायच्या."

आबा खदखदून हसले. "व्हय, तसंच करा. पोरी, तू लय हुशार. अन् ही धाकली न्हाई बोलत तर न्हाई बोलत, पर तिचं ध्यान बगा किती पक्कं! तिला कुटं बी धाडू नका."

बाबांनी इस्पितळाला लिहिलेलं पत्र फाडलं. मग ते अरुंधतीशेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या ओळीला पुढचा खडा हवा होता तो शोधून देऊ लागले.

दुसऱ्या दिवशी पंत धोतर खोचून, डोक्यावर शेणाची पाटी घेऊन बांधावरून धापा टाकत आले. इंदिरा मुद्दाम समोरच बसली होती. तिला ते बघून फार बरं वाटलं, आणि ते तिने मुळीच लपवलं नाही. पंतांनी पाटी उपडी केली.

खड्यांवरून नजर न काढता अरुंधती त्यांच्याच आवाजात म्हणाली, "छान! अजून एक."