शेवटच्या भिंतीपाशी माणिकप्पा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कोणाची मनधरणी करणार नाही. पण रेणुकादास माझे सख्खे मामा आहेत आणि त्यांनी मला आजवर एकदाही थाप मारलेली नाही.

लोकांच्या गोष्टीत अमावस्या असते, रात्रीचे बारा वाजलेले असतात. इथं तसलं काहीच नव्हतं.

दुपार होती. सव्वातीन वाजले होते. फेब्रुवारीतला मंगळवार, लातूरच्या औसा रोडला एक मोठा एसी हॉल, आणि हॉलमध्ये हजारभर माणसं.

आणि त्यांच्यात एक माणूस असा, जो तिथं असायलाच नको होता...

आधी मामांचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

अहमदपूरला बसस्टँडच्या मागं मामांचं साउंडचं दुकान आहे. सप्ताह, लग्न, सभा, काहीही असो, साउंड त्यांचंच. दुकान दोघांचं होतं. मामा आणि माणिकप्पा.

माणिकप्पा देगलूरकडचा. घरात कानडी, बाहेर आपली मराठी, आणि मामांना हाक मारायची तर ‘दासराव’. बावीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले. मामी गेल्या, मुलगा अनिमेष पुण्याला नोकरीला लागला, पण मामा कधी एकटे पडले नाहीत. माणिकप्पा होता ना.

दोघांची कामाची एक पद्धत होती. मामा मिक्सरवर बसायचे. माणिकप्पा मैदानाच्या पार टोकाला, शेवटच्या रांगेच्या मागं जाऊन उभा राहायचा. मामा माईकवर विचारायचे, “माणिकप्पा, आवाज येतो का?”

शब्द स्वच्छ ऐकू आला की माणिकप्पा खांद्यावरचा पंचा हातात धरून हात वर करायचा आणि ओरडायचा, “बंतु.”

बंतु म्हणजे कानडीत ‘आला’.

मग मामा इकडं आवाज कमीजास्त करायचे, तिकडून हात वरखाली व्हायचा. या कामात एक नियम होता आणि तो माणिकप्पानंच घातलेला. मामांनी माईकवरून ‘ये’ म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. टोकाचा माणूस हलला की सगळा अंदाज चुकतो. पाऊस येवो, विंचू निघो, माणिकप्पा जागा सोडत नसे. लोक हसायचे त्याला.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, हिमायतनगरकडं एक कार्यक्रम होता. सकाळी साडेअकराला मामांनी आवाज तपासला. टोकाला माणिकप्पा, डोक्यावर ऊन. तेवढ्यात अनिमेषचा फोन आला. मामा बोलत बोलत मंडपाच्या मागं गेले. तिथं आयोजकांनी चहाला बसवलं. गप्पा निघाल्या.

सव्वा तास.

मामा त्याला ‘ये’ म्हणायचंच विसरले.

बारा पावलांवर लिंबाचं झाड होतं. माणिकप्पा सावलीत गेला नाही. उभा राहिला, आणि मग पडला. उन्हाचा झटका. नांदेडला पोचेपर्यंत संपला होता.

मामांनी सगळ्यांना सांगितलं, त्याचं हृदय कमजोर होतं. खरं काय झालं ते पुढं दीड वर्ष कोणालाही माहीत नव्हतं. बिचारे मामा. रोज ते मनात घेऊन दुकान उघडायचे आणि रोज ते घेऊनच बंद करायचे.

आता त्या मंगळवारचं.

लातूरला तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. साउंड, लाईट, एलईडी भिंती, धूर सोडायची मशिनं, असलं सगळं. नांदेड, उदगीर, बिदरपासून डीजेवाले, मंडपवाले आले होते. मामांनी कोपऱ्यातला एक स्टॉल घेतला. स्टॉलवर एकच वस्तू होती, राखाडी रंगाचा उंच स्पीकरचा बॉक्स. माणिकप्पाच्या हातचा शेवटचा. नुसता बोलण्यासाठी केलेला. दणका नाही, धडधड नाही, पण शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ जाणार.

मामांनी ठरवलं होतं, हा बॉक्स कोणी पसंत केला तर दुकान चालवायचं. नाही केला तर कुलूप लावायचं आणि पुण्याला अनिमेषकडं जाऊन बसायचं. आणि दुकानाला कुलूप लागलं की माणिकप्पाचं नावच पुसलं जाणार, हेही त्यांना कळत होतं.

दोन दिवस कोणी ढुंकून पाहिलं नाही. पोरं येत होती, मोठ्या बॉक्सांसमोर रील काढून जात होती. मामा भिंतीकडं तोंड करून एकटेच डबा खात होते. स्टॉलवर बसायला दुसरं माणूस नाही, म्हणून पाणीसुद्धा बेतानं पीत होते. चहावाला आला की सवयीनं दोन कप घेत होते. एक तसाच निवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेटवर आले. तिथं प्रत्येकाचा बॅज मशीनवर लावून मगच आत सोडत होते. गेटवर शिवकांता नावाची मुलगी होती. तिनं मामांचा बॅज लावला, स्क्रीनकडं पाहिलं.

“काका, तुमचे पार्टनर कवाच आत गेलेत की. साडेनऊलाच.”

मामा जागेवर थांबले.

“कोण पार्टनर?”

“माणिकप्पा. तुमच्याच स्टॉलचं नाव हाय.”

आता इथं मामांची एक चूक झाली होती. फॉर्म भरताना स्टॉलवरच्या दोघांची नावं विचारली होती. बावीस वर्षं हात जे लिहीत आला तेच हातानं लिहिलं. दोन बॅज आले. दुसरा मामांनी फेकला नाही, पाकिटात घालून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवला होता.

स्टॉलवर जाऊन त्यांनी टूलबॉक्स उघडला.

पाकीट होतं...

बॅज नव्हता.

मामांनी मनाची समजूत घातली. पडला असेल, कोणीतरी उचलून लावला असेल. दुसरं काय म्हणणार?

शेजारच्या एलईडीच्या स्टॉलवर नांदेडची शिल्पा होती. पोरगी भली, जाता-येता मामांची चौकशी करायची. दुपारी ती हॉलच्या मागच्या बाजूनं आली ती तोंडावर वारा घेतच.

“काका, मागच्या भिंतीपाशी एसी बंद हाय का काय? लई धग हाय तिथं. आन् तेवढ्याच जागेत. दोन पावलं सरकलं की गार.”

मामा टूलबॉक्सकडं बघत राहिले.

सव्वातीनला त्यांची पाळी होती. प्रत्येक स्टॉलला दहा मिनिटं मिळायची, तेवढ्या वेळात बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा. नांदेडचे श्रीमंतराव आले होते. मोठमोठ्या सप्ताहांना साउंड पुरवणारा माणूस. ते म्हणाले, “रेणुकादासजी, इथं उभा राहून काय कळणार? मी मागं भिंतीपर्यंत चालत जातो. तुम्ही बोला.”

आणि ते गर्दीतून चालू लागले.

हॉल शांत झाला. इतक्या यंत्रांमध्ये एकदम शांत.

मामांनी माईक हातात घेतला. एक, दोन, तीन म्हटलं. आणि पुढचं वाक्य तोंडातून आपसूक गेलं.

“माणिकप्पा, आवाज येतो का?”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. माईक झाकावासा वाटला.

दोनशे फुटांवर, सगळ्या डोक्यांच्या मागं, शेवटच्या भिंतीपाशी...

एक हात वर झाला.

हातात पंचा होता.

मामा मिक्सरच्या टेबलाला धरून उभे राहिले. उरलेली मिनिटं काय बोलले ते त्यांना आठवत नाही. आवाज कमी केला की हात खाली येत होता. वाढवला की वर जात होता. बावीस वर्षांत जसा जायचा तसाच.

श्रीमंतराव परत आले ते खूश होऊन.

“शब्द न् शब्द आला. चाळीस बॉक्स करा माझ्यासाठी. आन् तुमचा माणूस लई पक्का हाय हो.”

“कोणता माणूस?”

“तो मागं उभा केलेला. मी म्हटलं, आला का आवाज? तर कानडीत काहीतरी बोलला. पण त्याला जरा पाणी द्या. घामानं निथळून राहिला. या एवढ्या एसीत, आन् अंगाची धग मला हातभर लांबून लागली.”

मामांनी मान हलवली. ज्या बॉक्ससाठी आले होते तो पसंत पडला होता, दुकान वाचलं होतं. पण त्यांना आनंद झाला नाही. मागं जाऊन बघायचं धाडसही झालं नाही.

सहा वाजता प्रदर्शन संपलं. एकेक स्टॉल आवरायला लागला. एलईडीच्या भिंती विझल्या. पेट्या गेल्या, माणसं गेली. शिल्पा “येते काका, जपून जा” म्हणून गेली. मामा मुद्दाम हळूहळू आवरत राहिले.

शेवटी हॉलमध्ये ते एकटे उरले.

म्हणजे, तसं दिसत होतं.

मागच्या भागातले दिवे बंद केले होते. भिंत दिसत नव्हती. बॉक्स तेवढा अजून चालू होता. मामांनी माईक उचलला. आता गर्दी नाही, कोणी ऐकणारं नाही. दहा महिने जे म्हणायचं राहिलं होतं, तो एकच शब्द म्हणायचा होता. ये.

ओठांपर्यंत आला तो शब्द...

आणि मामा वेगळंच बोलले.

“माणिकप्पा, बॉक्स पसंत पडला रे.”

अंधारातून आवाज आला. लांबून, पण स्वच्छ.

“बंतु.”

“चाळीस मागितलेत नांदेडवाल्यांनी.”

“बंतु.”

“अनिमेषला पोरगी झाली. तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी तोच फोन होता.”

या वेळी बंतु आलं नाही.

“माझं चुकलं रे. विसरलो मी तुला.”

हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी होती. मामा रडत होते. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हाही रडले.

मग भिंतीपाशी कोणीतरी घसा खाकरला...

“बंतु, दासराव.”

मामांनी मिक्सर बंद केला. वायरी गुंडाळल्या. बॉक्स टेम्पोत चढवायला दोन हमाल बोलावले. आणि ‘ये’ न म्हणताच ते गेटवर आले. शिवकांता अजून बसलेली होती. तिनं त्यांचा बॅज लावला.

“काका, तुमच्या एकट्याचंच आऊट झालं. दुसरे कुठंत?”

“ते थांबून राहिलेत,” मामा म्हणाले.

मामा पुण्याला गेले नाहीत. दुकान चालू आहे. त्या हॉलमध्ये आता लग्नं होतात. बाकीच्या सुपाऱ्या मामा सोडतील, पण तिथली सोडत नाहीत. अहमदपूरहून लातूरला, कमी पैशांतही जातात.

गेल्या डिसेंबरात मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेलो. सकाळची वेळ होती, वऱ्हाड यायचं होतं. मी नांदेडला कॉलेजात शिकवतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. म्हणून मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर थंडी, आत एसी. अंगात स्वेटर.

लांब मामांनी माईक घेतला. “माणिकप्पा, आवाज येतो का?”

माझा डावा गाल तापला. चुलीजवळ बसल्यावर तापतो तसा. आणि त्याच बाजूनं, कानाच्या अगदी जवळून...

मी काय ऐकलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मी स्टेजपर्यंत पळत आलो, एवढंच सांगतो.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “मामा, एकदा ये म्हणा ना. सुटेल तो.”

मामांनी टेम्पोची काच वर केली.

“सुटंल. हाव. आन् मग मी कोणाला इचारू, आवाज येतो का म्हणून?”

मला राग आला. मेलेल्या माणसाला उन्हात उभं ठेवून हे गप्पा मारून राहिलेत, असं वाटलं. मग त्यांच्याकडं पाहिलं आणि राग ओसरला. घरी गेल्यावर त्यांच्याशी बोलायला कोण होतं?

चाकूरच्या पुढं ते स्वतःच म्हणाले, “सर्वेश, मला साखर हाय, बीपी हाय. माझं काय सांगता येत न्हाई. मी गेलो की तू जा त्या हॉलमधी. मागं जायची गरज न्हाई. माईकवरून नाव घ्यायचं आन् ये म्हणायचं. एवढं कर.”

मी हो म्हणालो. सख्खे मामा आहेत, नाही कसं म्हणणार?

पण त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही. माणिकप्पा नियमाचा पक्का माणूस. बोलावल्यावर तो येणारच. त्या भिंतीपासून दोनशे फूट चालत, थेट माईकपाशी.

आणि माईक तेव्हा माझ्या हातात असणार आहे.