सेन्सर चांगला होता

"भैया, मेकॅनिक है क्या?"

मी गाडीखालून बाहेर आले, तर समोर इस्त्रीच्या शर्टातला एक उंच मुलगा, हातात बर्फीचा डबा. मला बघून तो गडबडलाच.

"मेकॅनिक मीच."

"अरे देवा…"

"मराठी का? मग बोला, काय झालं गाडीला?"

रायसेनहून येताना गाडी तीनदा बंद पडली होती. तिथला मिस्त्री म्हणाला होता, इंजिनातला कॅमशाफ्टचा सेन्सर गेलाय.

"तोच बदला, पण लवकर हं," तो घड्याळ बघत म्हणाला. "पाचला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये पोचायचंय. घाट्यांकडे… मुलगी बघायला."

माझ्या हातातला पाना खाली पडला. घाट्यांची मुलगी म्हणजे मीच हो! तिकडे क्वार्टरवर आई साडी काढून बसली होती, आणि मी 'अर्ध्या तासात आलेच' म्हणून इथे आनंद नगरात, माझ्या गॅरेजवर आले होते. म्हणजे हाच तो विश्वनाथ, पाटबंधारे खात्यातला इंजिनियर! आधीची दोन स्थळं 'गॅरेज बंद करा' म्हणून अडली, तेव्हा या वेळी बाबांनी ठोकून दिलं होतं की मुलगी कॉम्प्युटरचा क्लास घेते. मला ते मुळीच पटलं नव्हतं. चार वर्षं राबून उभं केलेलं गॅरेज मी कुणासाठीही सोडणार नव्हते.

पण डोळे फार छान होते मेल्याचे…

"आधी तपासायचं, मग बदलायचं," मी म्हणाले. "चावी नुसती ऑन करा. स्टार्ट नको."

सेन्सरच्या वायरीला मीटर लावला. करंट येत होता.

"आता इकडे या. ही वायर वाकवा. हळू… हळू म्हटलं ना!"

त्याने शर्टाला ग्रीस लावून घेत वायर वाकवली आणि मीटरवर शून्य आलं. सोडली, की आकडा परत हजर.

"म्हणजे सेन्सर…?"

"त्या बिचाऱ्यापर्यंत करंटच पोचत नाही. वायर आतून तुटलीय. उगाच त्याच्या नावानं बिल फाडत होते."

तो हसला. आमचे हात अजून त्याच वायरीवर होते, आणि घाई कुणालाच नव्हती.

मी वायर जोडली, वर टेप गुंडाळली आणि मीटर सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीला लावला. त्याने स्टार्टर मारला, तसा मीटरवरचा आकडा खालीवर नाचला, म्हणजे सेन्सर ठणठणीत होता, आणि इंजिन एका दमात सुरू झालं.

"निघा आता. मुलगी वाट बघत असेल."

"खरं सांगू? जावंसंच वाटत नाहीये…"

"का? काय करते ती?"

"क्लास घेते म्हणे."

"आणि तिचं गॅरेज असतं तर?"

"तर मी आत्ता इथेच हो म्हटलं असतं."

मी मान खाली घातली नाही.

"मग ऐका. घाट्यांची कांचन मीच. क्लासबिस सगळी थाप आहे. लग्नानंतरही गॅरेज चालूच राहणार. चालत नसेल तर इथूनच परत फिरा, बाबांना मी सांगते."

त्याने गाडीचं दार उघडून धरलं.

"बसा. असंच जाऊ."

"अहो, कपडे बघा माझे!"

"माझा शर्ट कुठे धड राहिलाय?"

क्वार्टरच्या दारात आई ओरडलीच, "अगं बाई, काय हे ध्यान!" बाबांचा चेहरा तर पार उतरला.

विश्वनाथने वाकून नमस्कार केला. "काका, क्लास बंद केला तरी चालेल. गॅरेज मात्र चालू राहू दे. मला मुलगी पसंत आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुला गं?"

"पसंत आहे," मी ठणकावून म्हणाले, आणि मग मात्र अशी लाजले, की थेट स्वयंपाकघरात पळाले.